कोकणात चालता धंदा विकत घेताना: शोध, किंमत आणि पैशाची जुळवाजुळव

चिपळूण, कुडाळ किंवा देवगडच्या बाजारपेठेतून फेरफटका मारलात तर ‘गाळा भाड्याने देणे आहे’ अशा पाट्या दिसतील. ‘चालता धंदा विकणे आहे’ अशी पाटी मात्र शोधूनही सापडायची नाही. म्हणून विकणारे नाहीत असं समजू नका. मालक साठीपुढे गेलेला, मुलगा पुण्यात नोकरीला, मुलगी ठाण्याला दिलेली, अशा घरांतले काजूचे कारखाने, आगळ-सरबताचे उद्योग, हार्डवेअरची दुकानं, खानावळी आणि पर्यटकांच्या खोल्या प्रत्येक तालुक्यात आहेत. मालक तोंड उघडत नाही, कारण विकायचं आहे हे फुटलं की उधारीवाले पैसे द्यायला टंगळमंगळ करतात, कामगार दुसरीकडे बघू लागतात आणि नाक्यावर ‘बुडालो काय रे तो?’ सुरू होतं.

कोकणातल्या या व्यवहारांत माझं एक ठाम मत आहे. विकणाऱ्याच्या हातात काय आहे आणि तो काय विकतोय, यांत बरंच अंतर असतं. जागा चार भावांची, परवाना वडिलांच्या नावावर, गिऱ्हाईक मालकाच्या फोन नंबरावर आणि चव वहिनींच्या हाताला. यातलं तुम्हाला काय मिळणार आहे, ते आधी सुटं करून बघा. किंमत आणि कर्ज नंतर.

खबर काढायची कशी

तालुक्याच्या ठिकाणचे कर सल्लागार आणि चार्टर्ड अकाउंटंट हे पहिलं दार. गिऱ्हाइकाची गुपितं ते सांगणार नाहीत, सांगूही नयेत. पण ‘अशा प्रकारचा धंदा घ्यायचा आहे, एवढी ऐपत आहे, कुणी विषय काढला तर माझं नाव सांगा’ इतका निरोप ठेवता येतो. दुसरं दार म्हणजे घाऊक व्यापाऱ्यांचे सेल्समन. कुणाची ऑर्डर आटली आहे आणि कोण वेळेवर पैसे देतो, हे त्यांना बँकेच्या आधी कळतं. तिसरा पिग्मी एजंट. तो रोज संध्याकाळी गल्ल्यापाशी उभा असतो.

मुंबईतली गावकऱ्यांची आणि तालुक्यांची मंडळं विसरू नका. हिस्सेदार तिकडे आहेत. आणि वेळ साधायची असेल तर गणपती साधा. सगळे चाकरमानी एकाच वेळी घरात असतात आणि ‘आता हे कोण बघणार?’ हा विषय याच दिवसांत माजघरात निघतो. आषाढ-श्रावणात तुमचा निरोप पोचलेला असला, तर त्या चर्चेत तुमचं नाव येतं.

पहिल्या भेटीत किंमत विचारू नका. ‘काका, पुढे कोण बघणार सगळं?’ एवढं पुरतं. हो म्हणायचं असेल तर काका स्वतःच पुढच्या खेपेला चहाला बोलावतात.

लोटे परशुराम, रत्नागिरीतलं मिरजोळे आणि कुडाळ इथल्या औद्योगिक वसाहतींत बंद किंवा अर्धवट चालणाऱ्या शेड आहेत. तिथला भूखंड सहसा एमआयडीसीकडून (औद्योगिक विकास महामंडळ) ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असतो. हस्तांतराला महामंडळाची परवानगी लागते आणि त्याचं शुल्कही भरावं लागतं. ते कोणी भरायचं हे बोलणीच्या पहिल्याच दिवशी ठरवा. शेवटी निघालं तर त्यावरून जमलेला व्यवहार मोडतो.

बँकांच्या लिलावाचाही मार्ग आहे. सरकारी बँकांचे लिलाव ‘बँकनेट’ पोर्टलवर दिसतात, ताबा नोटिसा वर्तमानपत्रांत येतात. सरफेसी कायद्याच्या (थकलेल्या कर्जाचं तारण बँकेला विकू देणारा कायदा) नियमांप्रमाणे बोली मंजूर झाली की २५ टक्के लगेच भरायचे आणि उरलेले साधारणपणे विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. कर्ज आधी मंजूर करून घेतलेलं नसेल तर हे जमत नाही. शिवाय लिलावात भिंती आणि यंत्रं मिळतात, ‘जशी आहेत तशी’. धंदा त्याआधीच मेलेला असतो. पहिल्यांदा धंदा घेणाऱ्याने यात पडू नये असं मला वाटतं.

मे महिन्यात भुलू नका

कोकणातला धंदा मे महिन्यात दाखवतात. तारकर्लीत गाड्या लावायला जागा नसते, खानावळीत मासे संपतात, आंब्याच्या पेट्या रस्त्यावर. त्याच मालकाकडे जुलैत जा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, मेअखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत जलक्रीडा बंद, वाऱ्याने वीज गेलेली आणि गल्ल्यात दोनशे रुपये. बारा महिन्यांचा हिशेब महिन्यागणिक मांडायला सांगा. वर्षाची सरासरी काढून बारा समान हप्त्यांचं कर्ज घेतलंत, तर जुलै-ऑगस्टचे हप्ते कुठून भरणार?

काजूत हंगाम उलटा आहे. काजू बी मार्च ते मे अशी येते आणि वर्षभराचा माल त्याच काळात भरून ठेवावा लागतो. पैसा तीन महिन्यांत जातो आणि सावकाश परत येतो. कोकम आणि आंबा पल्पचंही थोड्याफार फरकाने तसंच.

पावसात जाण्याचं आणखी एक कारण पाणी. चिपळूणच्या बाजारपेठेत २६ जुलै २००५ ला आणि २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शिरलं. तिथलं दुकान घेताना पाटबंधारे खात्याच्या निळ्या आणि लाल पूररेषेत जागा कुठे येते ते बघा, शेजाऱ्याला भिंतीवरची खूण दाखवायला सांगा आणि विमा कंपनीने २०२१ नंतर हप्ता किती केला तेही विचारा. श्रीवर्धन, दिवेआगर, दापोलीकडे ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने नारळी-पोफळीच्या वाड्या झोपवल्या. ‘वाडीतलं घर’ म्हणून पर्यटकांना विकली जाणारी जागा तुम्ही घेताय आणि वाडीत अजून रोपंच आहेत, तर किमतीत ते दिसलं पाहिजे. उलट बाजूने एप्रिलअखेरीस विहीर बघा. एवढा पाऊस पडूनही उन्हाळ्यात टँकर मागवणारी गावं कोकणात कमी नाहीत, आणि पर्यटकांचा हंगाम नेमका तेव्हाच असतो.

रस्ताही तपासा. मुंबई-गोवा महामार्ग चौपदरी होताना कित्येक ठिकाणी वाहतूक गावाबाहेरून किंवा डोक्यावरून गेली. झाराप-पत्रादेवी वळणरस्त्याने सावंतवाडी शहर बाजूला पडलं, कणकवलीत उड्डाणपूल आला. हॉटेलमालक तुम्हाला पाच वर्षांपूर्वीची गर्दी सांगेल. तुम्ही रस्त्यावर उभं राहून आजच्या गाड्या मोजा, आणि कुठल्या वळतात ते बघा.

वही बोलत नसेल तर बिलं बोलतात

तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, जीएसटी असेल तर महिन्याची ३बी विवरणपत्रं आणि बँकेची स्टेटमेंट मागायचीच. पण छोट्या धंद्यात कागदावर एक आणि प्रत्यक्षात एक असं असतं, आणि मालक सांगतो, ‘दाखवतो कमी, खरं बघाल तर दुप्पट आहे.’ यावर माझं उत्तर ठरलेलं आहे: काका, बँक मला कागदावरच्या नफ्यावर कर्ज देते, मग मीही किंमत त्यावरच देणार. कर चुकवल्याचं बक्षीस विकताना मागता येत नाही.

तरीही खरा आकडा तुम्हाला स्वतःसाठी हवा असतो. तो आडून काढता येतो. पिठाच्या गिरणीला आणि बर्फाच्या कारखान्याला महावितरणची महिन्याची युनिटं बघा. यंत्र चालल्याशिवाय युनिट पडत नाही. खानावळीला १९ किलोच्या सिलिंडरची आणि कोंबडीवाल्याची बिलं, खोल्यांना धोब्याची चादरींची वही आणि ऑनलाइन बुकिंगचे जमा पैसे. किराण्याला पिग्मीचं पुस्तक आणि क्यूआर कोडचं स्टेटमेंट. मालकाची हरकत नसेल तर आठवडाभर, त्यात बाजाराचा एक दिवस धरून, गल्ल्यापाशी बसा. बसू देत नसेल तर तेही उत्तरच आहे.

उधारीची वही स्वतंत्र बघा. कोकणात उधारी भात विकल्यावर, आंब्याचे पैसे आल्यावर किंवा मुंबईहून मनिऑर्डरीच्या जागी आता यूपीआय आल्यावर फिटते. वर्षाहून जुनी उधारी मी शून्य धरतो. बाकीचीही विकत घेऊ नका. मालकाने त्याची वसूल करावी. तुम्ही फार तर गल्ल्यावर जमा करून घेऊन त्याला पोचवा.

जागा: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

कोकणातले व्यवहार नफ्यावरून मोडत नाहीत, सातबाऱ्यावरून मोडतात.

सातबारा, आठ-अ आणि फेरफार ऑनलाइन मिळतात. डिजिटल सहीचे काढा. फेरफार मागे जातील तितके मागे वाचा. नावांच्या रकान्यात आजोबांच्या वेळची सतरा नावं ‘सामाईक’ म्हणून असतील. त्यातले काही वारले, वारसनोंद झाली नाही, बहिणींची नावं कधी लागलीच नाहीत, एकजण दुबईत. धंदा चालवणाऱ्या भावाला ‘हे माझंच आहे’ असं मनापासून वाटत असतं आणि गावही ते मानतं. कायदा मानत नाही. इतर हक्कांत बँकेचा बोजा, सोसायटीचं पीककर्ज, कुळाचं नाव, कुळकायद्याच्या कलम ४३ चा (हस्तांतरावर बंधन घालणारा) शेरा यातलं काही असेल, तर तिथेच थांबून वकील गाठा. देवस्थानाची जमीन, वनसंज्ञा लागलेली (वन म्हणून धरलेली) जमीन, हेही याच पानावर किंवा तलाठ्याकडे कळतं.

पुढचा प्रश्न बांधकामाचा. ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा उतारा लोक मालकीचा पुरावा म्हणून दाखवतात. तो कर आकारणीचा कागद आहे. बांधकाम परवानगी आणि बिनशेतीचा आदेश मागा. जमीन शेतीची असेल तर महाराष्ट्रात ती घ्यायला तुमच्याकडे शेतकरी असल्याचा दाखला हवा. समुद्र किंवा खाडी जवळ असेल तर सीआरझेड, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाचे नियम, बघा: गावाची वर्गवारी कोणती यावर भरतीरेषेपासून ५० मीटर की २०० मीटर हे ठरतं, आणि खाडीकाठच्या जागेलाही ही बंधनं असतात. किनाऱ्यावरची दोन खोल्यांची झापाची शेड दहा वर्षं उभी आहे, म्हणून ती कायदेशीर होत नाही. तुम्ही घेतल्यावर तक्रार करणारा गावातच असतो. येण्याजाण्याची वाट कुणाच्या हद्दीतून जाते आणि विहिरीवर कुणाचा हक्क आहे, हेही कागदावर नसेल तर शेजाऱ्यांच्या तोंडून ऐकून घ्या.

या सगळ्यामुळे पहिल्या खरेदीत जागा विकत घेऊच नये असं मी सांगतो. धंदा घ्या, जागा भाड्याने घ्या. पण करार नोंदणी केलेला आणि कर्जाच्या मुदतीपेक्षा मोठा हवा, आणि त्यावर सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या हव्यात. मुंबईतल्यांनी नोंदणीकृत मुखत्यारपत्र दिलं तरी चालेल. अकरा महिन्यांच्या करारावर लाखोंची यंत्रं बसवायची म्हणजे वाळूत पाया घालणं. करारात जागा विकायची झाल्यास आधी तुम्हाला विचारायचं, ही अट घाला. पाच वर्षांनी हिस्से मिटले की घेता येईल.

परवाने पदरात आपोआप पडत नाहीत

एकाच्या मालकीचा धंदा दुसऱ्याने घेतला की बहुतेक कागद नव्याने करावे लागतात. अन्न परवाना तुमच्या नावाने काढा. उद्यम नोंदणी पॅनशी बांधलेली असते, ती तुमची वेगळी. पोर्टलवर फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. दुकाने व आस्थापना कायदा २०१७ खाली, २०२५ च्या दुरुस्तीनंतर, २० पेक्षा कमी कामगार असतील तर ऑनलाइन सूचना पुरते. औषध दुकानाला नोंदणीकृत फार्मासिस्ट आणि नवा परवाना लागतो. परमिट रूमचं हस्तांतर राज्य उत्पादन शुल्क खात्याच्या मंजुरीने आणि शुल्क भरूनच. रेशन दुकान विकत घेता येत नाही. कुणी ‘करून देतो’ म्हणाला तर उठून या. मासेमारी नौका असेल तर नोंदणी आणि मासेमारी परवाना मत्स्यव्यवसाय खात्याकडून तुमच्या नावावर व्हायला हवा, आणि तो विषय एवढा निराळा आहे की बोटीवर वाढलेल्या माणसाला बरोबर घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

जीएसटीचं मात्र नीट समजून घ्या. अख्खा चालता धंदा एकत्र हस्तांतरित झाला तर त्या हस्तांतरावर जीएसटी नाही. यंत्रं, माल असं सुटं विकलं तर लागतो. विकणाऱ्याचं शिल्लक इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) आयटीसी-०२ या फॉर्मने तुमच्याकडे आणता येतं, त्याला चार्टर्ड अकाउंटंटचा दाखला लागतो. आणि केंद्रीय जीएसटी कायद्याचं कलम ८५ सांगतं की हस्तांतराच्या दिवसापर्यंतच्या थकीत कराला विकणारा आणि घेणारा दोघेही जबाबदार. करारात ‘जुनी देणी विकणाऱ्याची’ असं लिहिलंत तरी खातं तुमच्या दारात येऊ शकतं. भविष्य निर्वाह निधीच्या थकबाकीचंही तसंच. महावितरणचं आणि पाणीपट्टीचं शेवटचं बिल भरल्याची पावती ताब्याआधी हातात घ्या.

किंमत कशी काढायची

आकडे कल्पित, हिशेब खरा. समजा वेंगुर्ल्याजवळ काजूगराचा छोटा कारखाना आहे. वर्षाची विक्री ६० लाख, मालक म्हणतो नफा ९ लाख, किंमत सांगतो २२ लाख, ‘नाव आहे आमचं’.

मालक सकाळी सातपासून तिथे असतो, त्याचा पगार कुठे धरलेला नाही. तुम्ही ते काम कराल तर महिना २०,००० तरी धरा. प्रतवारी त्याची बायको करते, तिचे १०,०००. हे वर्षाचे ३ लाख ६० हजार झाले. शेड भावाची, भाडं नाही. तुम्हाला महिना १०,००० द्यावं लागेल, म्हणजे १ लाख २० हजार. बॉयलर आणि ड्रायरची डागडुजी वर्षाला ४०,०००. सगळं वजा केलं की ९ लाखांचे ३ लाख ८० हजार उरतात. हा धंद्याचा नफा. बाकीची त्या दोघांची मजुरी आणि भावाची माया होती.

छोट्या, एका माणसावर चालणाऱ्या धंद्याला मी या नफ्याच्या दोन ते तीन पटीपुढे जात नाही. म्हणजे साधारण साडेसात ते साडेअकरा लाख. यंत्रांची आजची किंमत त्यात आली. मोडीची किंमत याहून जास्त निघत असेल तर मोडीची धरा. माल वेगळा: ताब्याच्या दिवशी दोघांनी उभं राहून वजन करायचं, खरेदीभाव किंवा बाजारभाव, जो कमी तो. वेंगुर्ला काजूला भौगोलिक मानांकन (जीआय) आहे, तसं हापूसला आणि सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमलाही आहे. मानांकन त्या मुलखाचं असतं, ते वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. ‘आमच्याकडे जीआय आहे’ म्हणून कुणी वरचे दोन लाख मागितले तर नोंदणी कुणाच्या नावाने आहे ते बघा.

पैसा

ठरली किंमत १० लाख. आता खरा प्रश्न पुढे येतो: कारखाना १० लाखांचा, पण काजू बी भरायला मार्च ते मेमध्ये त्याच्या दुप्पट-तिप्पट रोकड लागणार. नवखे लोक सगळा जीव खरेदीवर खर्च करतात आणि पहिल्याच हंगामात दुप्पट व्याजाच्या पैशावर बी घेतात. म्हणून बँकेत जाताना दोन मागण्या एकत्र न्या: खरेदीसाठी मुदत कर्ज आणि खेळत्या भांडवलासाठी कॅश क्रेडिट. कॅश क्रेडिटला महिन्याला स्टॉक स्टेटमेंट द्यावं लागतं आणि मालावरून ड्रॉइंग पॉवर, म्हणजे किती उचलता येईल ते, ठरते. बी घेण्याआधी माल नसतो, हे बँकेला समजावून हंगामी मर्यादा मागा. वखार महामंडळाच्या गोदामात ठेवलेल्या मालाच्या पावतीवर कर्ज हाही एक मार्ग.

बँक गुडविलला, म्हणजे धंद्याच्या नावाला आणि गिऱ्हाइकाला, सहसा पैसे देत नाही. म्हणून किमतीची फोड करून घ्या: यंत्रं इतकी, फर्निचर इतकं, नाव-गिऱ्हाईक इतकं. जुन्या यंत्रांना चार्टर्ड इंजिनिअरचं मूल्यांकन जोडा. बँक यंत्रांच्या भागावर कर्ज देईल, नावाचा भाग स्वतःच्या पैशातून किंवा मालकाच्या उधारीतून. तारण नसेल तर सीजीटीएमएसईची (छोट्या उद्योगांच्या कर्जाला हमी देणारा सरकारी निधी) हमी मागा. त्याचं शुल्क तुमच्यावर पडतं, पण घरावरचा बोजा वाचू शकतो. मुद्रा योजनेत ‘तरुण’ गटात १० लाखांपर्यंत मिळतात. २० लाखांचा ‘तरुण प्लस’ हा आधी ‘तरुण’ घेऊन फेडलेल्यांसाठी. चालता धंदा घेण्याला ते बसवायचं की नाही, हे शाखेवर अवलंबून असतं.

अनुदानाचा मोह आवरा. केंद्राचा पीएमईजीपी (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम) आणि राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम हे नव्या उद्योगासाठी आहेत. ‘जुना कारखाना नवा दाखवू’ म्हणणारे एजंट तालुक्यात भेटतात. पडताळणीत सापडलं की अनुदान तर जातंच, कर्जही खोट्या माहितीवर घेतलेलं ठरतं. काजू, कोकम, आंबा यांच्या सूक्ष्म प्रक्रिया उद्योगांसाठी २०२० साली सुरू झालेली पीएमएफएमई योजना वेगळी: चालू उद्योगाच्या वाढीलाही त्यात ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदानाची सोय आहे. खरेदीला नव्हे, तर तुम्ही नंतर बसवाल त्या नव्या ड्रायरला तिचा उपयोग. योजनेची मुदत जिल्हा कृषी कार्यालयात आधी विचारून घ्या. अण्णासाहेब पाटील महामंडळ आणि इतर मागासवर्गीय महामंडळाच्या व्याज परतावा योजनांत आधी बँकेचं कर्ज आणि मग व्याजाची भरपाई असा क्रम असतो. पात्रतेचा कागद कर्ज उचलण्यापूर्वी घ्या.

कुठल्या बँकेत जायचं? रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात अग्रणी बँक (जिल्ह्यातल्या बँकांचा समन्वय बघणारी) बँक ऑफ इंडिया आहे. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या माणसाला काजूचा हंगाम समजावून सांगावा लागत नाही, हा मोठा फायदा. पतसंस्था लवकर देते आणि महाग देते. दोन-तीन महिन्यांची तूट भरायला ठीक, पाच वर्षांसाठी नाही. घरातलं सोनं हंगामापुरतं तारण ठेवणं मला पतसंस्थेपेक्षा बरं वाटतं, फक्त गर विकून झाल्यावर सोडवायची तारीख घरच्यांना सांगून ठेवा.

आणि सगळ्यात चांगला सावकार म्हणजे विकणारा स्वतः. १० लाखांत अडीच लाख तुमचे, ५ लाख बँकेचे आणि अडीच लाख मालकाने दोन वर्षांत हप्त्याने घ्यायचे. ११ टक्क्यांनी ५ वर्षांच्या बँककर्जाचा हप्ता १०,८७१ रुपये, वर्षाला सुमारे १ लाख ३० हजार. मालकाचे वर्षाला सव्वा लाख. मिळून २ लाख ५५ हजार, आणि नफा ३ लाख ८० हजार. तुमचा २०,००० पगार यात आधीच वजा आहे. सव्वा लाखाची फट राहते. एखाद्या वर्षी बीचा भाव फिरला तर तीच वाचवते. मालकाचे हप्ते गर विकून पैसा हातात येतो त्या महिन्यांत ठेवा, बी भरण्याच्या काळात नकोत. मालक उधारीला तयार झाला तर त्याचाही धंद्यावर विश्वास आहे. एक पैसाही मागे ठेवायला तयार नसेल, तर का ते त्यालाच विचारा. मुलीचं लग्न, ऑपरेशन अशी खरी कारणंही असतात.

करार

इसार देताना रक्कम छोटी ठेवा आणि पावतीवर लिहा: बँकेचं कर्ज मंजूर झालं नाही, किंवा हिस्सेदारांच्या सह्या आल्या नाहीत, तर इसार परत. व्यवहार बँकेतून करा. २ लाख किंवा जास्त रोख घेणं आयकर कायद्याला मंजूर नाही, आणि तुमच्या खरेदीचा पुरावाही मग राहत नाही.

करारात यादी लागते, तीही बारीक. यंत्रं क्रमांकासह, भांडी, फ्रीजर, नाव, बोधचिन्ह. आणि कोकणातल्या पर्यटन धंद्यात सगळ्यात मोलाची गोष्ट लोक लिहायला विसरतात: तो मोबाइल नंबर. दहा वर्षं ‘नाना, दोन खोल्या आहेत का?’ म्हणून ज्या नंबरावर फोन येतो तो नंबर, गुगल मॅपवरची नोंद आणि इन्स्टाग्रामचं खातं तुमच्या नावावर आलं नाही, तर तुम्ही खाटा आणि गाद्या घेतल्यात. यंत्रांवर बँकेचा तारणगहाण आहे का हे सीईआरएसएआयच्या (तारणांची केंद्रीय नोंदवही) नोंदीत शोधा. नातेवाइकांच्या हरकती बाहेर काढायला स्थानिक दैनिकात वकिलाची जाहीर नोटीस द्या.

मालकाने शेजारी तोच धंदा परत काढू नये, ही अट घालता येते. भारतीय करार कायदा १८७२ चं कलम २७ धंदाबंदीचे करार रद्द ठरवतं, पण गुडविल विकणाऱ्याला वाजवी हद्दीत मनाई करण्याची मुभा देतं. म्हणून करारात गुडविल विकलं असं स्पष्ट लिहा, हद्द तालुक्याची ठेवा आणि भाऊ-मुलांची नावंही सहीत घ्या. ‘सिंधुदुर्गात कुठेही कधीही नाही’ असली अट न्यायालयात टिकणं अवघड.

ताबा आणि पहिलं वर्ष

ताबा हंगामाच्या आधी घ्या: काजूला जानेवारी-फेब्रुवारी, पर्यटनाला सप्टेंबर-ऑक्टोबर. मालकाने तीन महिने रोज येऊन बसायचं, हे पगारासह करारात टाका. शेतकऱ्यांची बी कुणाची भिजलेली असते, कुणाची चोख, हे कुठल्याही रजिस्टरमध्ये नसतं. तो तुम्हाला वाडीवाडीत फिरवून ओळख करून देईल तेच खरं हस्तांतर.

काजू सोलणाऱ्या बायकांना पहिल्या दिवशी भेटा, पगाराची तारीख सांगा आणि ती पाळा. सहा महिने कुणालाही काढू नका, पाटी बदलू नका, भाव वाढवू नका. रंग लावायचा असेल तर लावा. गणपतीत कामगार आठवडाभर येणार नाहीत, ते आत्ताच वेळापत्रकात घाला.

मालकाचा शेवटचा हप्ता मात्र एक पावसाळा गेल्यावर, त्याच्या काळातली सगळी जीएसटी विवरणपत्रं भरल्याची आणि वीजबिलाची खातरजमा करूनच द्या. तशी अट करारात आहे ना, हे सही करण्यापूर्वी वकिलाकडून एकदा वाचून घ्या.